गोदीचा तळ

गेल्या महिन्यात घरी फरशीचं काम निघालं. गवंड्याने पारदर्शक नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ताई, एवढं भिंतीला टेकवून धरा. हलवू नका." दुसरं टोक घेऊन तो पलीकडच्या खोलीत गेला. नळीतली पाण्याची रेघ वर गेली, खाली आली, डचमळली, थांबली. तिकडे त्याने पेन्सिलीने खूण केली आणि "सोडा" म्हणाला. मी सोडली नाही. पाणी खरंच थांबलंय का ते बघत उभी राहिले. जुनी सवय.

अशी नळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती दीडशे मीटर लांब होती. तरंगत्या गोदीच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाइप टाकलेला. दोन्ही टोकांना आणि मधोमध काचेच्या उभ्या नळ्या, शेजारी मिलिमीटरच्या पट्ट्या. टोकाच्या दोन नळ्या सांगायच्या गोदी कलली का. पण वाकली का, हे कळायला मधली तिसरी नळी लागते. कागदोपत्री या कामाला दुर्बीण होती; मध्यावर दुर्बीण, दोन टोकांना रंगवलेल्या पट्ट्या. पण आषाढात दुर्बिणीतून फक्त आषाढ दिसतो. मग मधल्या नळीशी नव्या इंजिनिअरला उभं करायचे. 1992च्या पावसाळ्यात ती नवी इंजिनिअर मी होते. जहाजदुरुस्तीचं यार्ड, पश्चिम किनाऱ्यावरचं. नाव सांगत नाही, कारण पुढे एक चूक सांगायची आहे, ती माझी आहे आणि तिच्यात यार्डाचा काही संबंध नाही.

सुकी गोदी, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन त्याचा तळ दुरुस्त करायची जागा, म्हटली की आपल्याकडे जमिनीत खणलेली गोदी डोळ्यांपुढे येते. मुंबईत लवजी वाडियांनी 1750 मध्ये बांधलेली, मग 1891ची मेरवेदर, 1914ची ह्यूज. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात तर मराठ्यांच्या आरमाराची गोदी वाघोटणच्या खाडीकाठी कातळात खोदलेली आहे, 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद. सगळ्यांची रीत एकच. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं. तिथे जहाज जमिनीवर येतं. तरंगत्या गोदीत जमीनच जहाजाखाली येते.

आकार अगदी साधा. एक प्रचंड चपटा तराफा, आतून पोकळ. त्याला पॉन्टून म्हणतात. त्याच्या दोन लांब कडांवर दोन उंच, अरुंद भिंती, त्याही पोकळ. दोन्ही टोकं उघडी. समोरून बघितलं तर इंग्रजी यू. पोकळीत पडदे घालून टाक्या केलेल्या. टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडले की समुद्र आत येतो, गोदी बुडते, भिंतींचे माथे तेवढे वर राहतात. मधल्या पाण्यात जहाज ओढून आणायचं आणि पंप सुरू करायचे. पाणी बाहेर, गोदी वर, तिच्या पाठीवर जहाज. शाळकरी पोराला पाच मिनिटांत समजतं. मला नीट समजायला आठेक वर्षं लागली.

कागदावर एक गोदी काढून बघू. पॉन्टून 150 मीटर लांब, 32 मीटर रुंद, 3.6 मीटर उंच. काम चालू असताना डेक पाण्याच्या 30 सेंटिमीटर तरी वर हवा, म्हणजे बुडालेला भाग 3.3 मीटर. समुद्राचं पाणी घनमीटरला 1.025 टन. गुणाकार केला की 16,236 टन. एवढं वजन ती पेलणार. पण यात तिचं स्वतःचं पोलाद आलं, क्रेन आल्या. धरा 6,500 टन. टाक्यांच्या तळाशी पंपाच्या तोंडाला न लागणारं पाणी राहतंच, शिवाय कल सावरायला थोडं मुद्दाम ठेवावं लागतं. त्याचे 1,200 टन. उरले साडेआठ हजार, ते जहाजाचे. पगारासारखंच आहे हे. ऑफर लेटरवर एक आकडा, हातात पडतो तो दुसरा.

यार्डांची माहितीपत्रकं हा एकच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. उचलण्याची क्षमता अमुक हजार टन. सोबत संध्याकाळच्या उन्हात क्रेनचा फोटो. माझं म्हणणं असं की किती उचलते हे तिसरी-चौथीतलं गणित झालं. गोदीची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे.

पॉन्टून पाण्यावर असतो तेव्हा गोदी 32 मीटर रुंद पायावर उभी असते. आपली कागदी गोदी एक सेंटिमीटर खाली दाबायला 49 टन लागतील. पॉन्टून पाण्याखाली गेला की पाण्याच्या पातळीला फक्त दोन भिंती उरतात, समजा तीन-तीन मीटर रुंदीच्या. आता 9 टनांत सेंटिमीटर. जहाज तरंगतंय तोवर ते आपला तोल आपण सांभाळतं. पण जहाज ठोकळ्यांवर पुरतं बसलंय, त्याचा तळ पाण्याबाहेर आलाय आणि गोदीचा डेक मात्र अजून पाण्याखाली आहे, ती वेळ वाईट. जहाजाचं सगळं वजन उंचावर गेलेलं. त्याचा पाण्याचा आधार सुटलेला. खालच्या टाक्या अर्धवट भरलेल्या आणि त्यांतलं पाणी जरा कल मिळाला की तिकडेच धावणारं. या सगळ्याला सावरायला दोन अरुंद भिंती. उचलण्याचे पाच टप्पे मानतात, त्यातला हा चौथा. गोदी काढणारा माणूस आयुष्य या चौथ्यात घालवतो.

म्हणून भिंती जितक्या दूर तितक्या बऱ्या. ओझं उचलताना हमाल पाय फाकवून उभा राहतो, तसंच. तोलाच्या हिशेबात मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग येतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात पाण्याच्या पातळीची रुंदी पाचव्या हिश्श्याच्याही खाली येते, पण तिच्यातून मिळणारा आधार निम्म्याहून थोडाच कमी होतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, या भिंती क्रेनचे रूळ टाकायला आणि कंट्रोल रूम ठेवायला बांधल्यात. भिंती नसत्या तर तो तराफा पहिल्याच बुडीत पालथा झाला असता.

डेक पाण्याबाहेर आला की गंमत होते. पंप त्याच वेगाने चालू असतात, पण आता सेंटिमीटरला 9 ऐवजी 49 टन काढायचे असतात. गोदी एकदम थांबल्यासारखी वाटते. नवा माणूस घाबरून कंट्रोल रूमकडे बघतो. मीही बघितलं होतं.

ठोकळ्यांबद्दल मी तासभर बोलू शकते, घरच्यांना विचारा. जहाज गोदीवर असंच ठेवत नाहीत. मधोमध त्याच्या कण्याखाली ठोकळ्यांची रांग, दोन बाजूंना आधाराचे ठोकळे. ठोकळा मांडीएवढा उंच तरी हवा, नाहीतर खाली शिरून रंग कोण मारणार? खाली काँक्रीट, त्यावर टणक लाकूड, सगळ्यात वर नरम लाकूड. नरम कशाला, तर जहाजाचा तळ कधीच नकाशाइतका सरळ नसतो. कुठे पोचा, कुठे वेल्डिंगचा उंचवटा. नरम लाकूड दबतं आणि वजन वाटून घेतं. दीड हजार टनांचं जहाज पन्नास मीटर रांगेवर बसलं तर मीटरला 30 टन आले. जहाज परत पाण्यात सोडल्यावर त्या फळ्यांकडे बघावं. पोलादाच्या सांध्याची रेघ न् रेघ उमटलेली असते.

कुठला ठोकळा कुठे, हे ठरतं डॉकिंग प्लॅनवरून. म्हणजे जहाजाच्या तळाचा नकाशा. मजबूत पडदे कुठे, समुद्राचं पाणी आत घेण्याच्या जाळ्या कुठे, टाक्यांची बुचं कुठे, खोली मोजणाऱ्या इको साउंडरचा कान कुठे. मजबूत जागी ठोकळा आलाच पाहिजे आणि बाकी ठिकाणी येता कामा नये. गोदी वर असताना, कोरड्या डेकवर ही मांडणी करतात. एकदा गोदी बुडवली की काय मांडलंय ते कोणाला दिसत नाही. जहाज आंधळेपणाने त्यावर येऊन बसतं.

मुंबई हायवरच्या तेलविहिरींना सामान पोचवणारं एक जहाज आमच्याकडे आलं, अमेरिकन बनावटीचं. मांडणीचा कागद मी केला होता. जहाजाच्या फासळ्यांना क्रमांक असतात, सगळी मापं त्यावरून. मी तोवर पाहिलेल्या प्रत्येक नकाशात ते मागून, सुकाणूकडून सुरू व्हायचे. अमेरिकन यार्डांत नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून सुरू करतात. नकाशावर तसा बाणही होता. मी बघितला नाही.

आमचे टिंडल देवगडकडचे. ठोकळे लावणारी, दोरखंड सांभाळणारी सगळी टोळी त्यांच्या हाताखाली. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. इंग्रजी वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ते रांगेवरून चालत आले आणि मागच्या बाजूला मी एक ठोकळा गाळला होता तिथे थांबले.

"हयसर कशाक सोडलंस गो बाय?"

म्हटलं, मामा, इथे इको साउंडर आहे.

त्यांनी एकदा मागे बघितलं, जिथे उद्या प्रोपेलर असणार होता तिकडे. मग माझ्याकडे. "पंख्याच्या शेजारी कान खयचो शाणो लावता?"

इको साउंडर समुद्राच्या तळावरून परत येणारा आवाज ऐकतो. प्रोपेलरच्या घरघरीत आणि बुडबुड्यांत त्याला काय ऐकू येणार? हे मला कॉलेजात शिकवलं होतं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नकाशा पुन्हा उघडला, बाण दिसला, आणि पोटात खड्डा पडला. पुढच्या बाजूला, खऱ्या कानाच्या बरोबर खाली मी एक ठोकळा ठेवला होता. रात्रीचे साडेनऊ. जहाज पहाटे, भरतीचं पाणी थांबतं त्या वेळेला यायचं होतं.

पावसात क्रेन लावून ठोकळे हलवले. पुढचा काढला, मागचा घातला, रांग परत दोरीने ओळंबली, उंची परत मोजली. मामांनी ओरडा केला नाही आणि पोरांना कारणही सांगितलं नाही. सकाळी डॉकमास्टरने विचारलं, ठोकळे ठीक? मामा म्हणाले, "बायन दोनदा मोजल्यान." ते खोटं नव्हतं.

जहाज आत येतं तो अर्धा तास मला सगळ्यात आवडायचा. टग बाजूला होतात. दोन्ही भिंतींवरच्या कॅप्स्टनवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या खांबांवर, दोरखंड, एक सोडायचा तेव्हा समोरचा ताणायचा. दोन भिंतींच्या मध्ये आडवी तार, तिच्या मध्यावर ओळंबा लोंबतोय. जहाजाची नाळ त्या ओळंब्याखाली आणायची. हजारो टनांचा व्यवहार आणि शेवटी भरवसा गवंड्याच्या ओळंब्यावर. मग पंप. पहिलं टेकणं बहुतेक वेळा मागच्या बाजूला होतं, कारण इंजिन तिकडे, जहाज मागे जड. सगळा भार तेव्हा शेवटच्या एका ठोकळ्यावर येतो आणि जहाजाचा तोलही त्या क्षणापासून कमी होऊ लागतो, कारण खालून मिळणारा तो रेटा पाण्याचा नसतो. जमिनीतली गोदी यात काही करू शकत नाही, तिचा तळ आहे तसा आहे. तरंगती गोदी स्वतः कलते. मागच्या टाक्यांत थोडं पाणी जास्त ठेवायचं, जहाजाच्या कलाला आपला कल जुळवून घ्यायचा आणि त्याला एकदम सगळ्या लांबीवर टेकवायचं. हे जमून आलं की खालून एकच लांब करकर ऐकू येते. नरम लाकूड दबल्याचा आवाज. तो ऐकून मामा विडी काढायचे. पेटवायचे नाहीत, गोदीवर बंदी होती, पण काढायचे.

मग बाजूचे ठोकळे साखळीने ओढून आत, आणि पुन्हा पंप. डेक उघडा पडायला लागला की शिस्त संपली. पाणी सगळीकडून धबाधबा ओसरत असतं आणि त्यात बोय, एखादी तांबोशी, खेकडे, सगळे अडकलेले. ज्याच्या हाताला जे लागेल ते, बादली, हेल्मेट, रंगाचा रिकामा डबा. वरून डॉकमास्टर भोंग्यातून शिव्या देतो, अजून गोदी पूर्ण वर आलेली नाही, खाली कोणी उतरू नका. कोण ऐकतंय! त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कालवण नेहमीसारखं पातळ नसायचं.

आणि वास. महिनोन् महिने पाण्याखाली असलेला तळ उन्हात आला की शेवाळ, शिंपल्या, बार्नॅकल सगळं मरायला लागतं. पहिल्या दिवशी जेवण जात नाही. तिसऱ्या दिवशी तोच वास घरी नेता आणि तुम्हाला कळतही नाही, आईला कळायचा.

गोदीवरचं जहाज म्हणजे ऑपरेशन टेबलावरचा पेशंट. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी नाही, म्हणून आपली वीज नाही. आग विझवायलाही पाणी नाही. सगळं गोदीने पुरवायचं. विजेची केबल, आगीच्या नळाला दाबाचं पाणी, फ्रिजच्या यंत्राला थंड पाणी, दाबाची हवा, वेल्डिंगसाठी जाड अर्थिंगची केबल. जहाजावरचे संडास कुलूप लावून बंद, कारण खाली माणसं काम करत असतात. कप्तान असो की खलाशी, सगळे जिना उतरून यार्डाच्या संडासात. डबा घेऊन रांगेत उभा असलेला परदेशी कप्तान मी पाहिलेला आहे. त्याच्या रुबाबाला फार सांभाळून घ्यावं लागायचं.

मधल्या नळीशी उभं करतात ते का, हे मला पुढे श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीची हकीकत वाचल्यावर नीट कळलं. 8 ऑगस्ट 1944. ब्रिटिश युद्धनौका व्हॅलियंट तिथल्या तरंगत्या गोदीवर चढवत होते, दारूगोळ्याने भरलेली. जहाजाचं वजन लांबीभर सारखं नसतं; तोफांपाशी, कोठारांपाशी, इंजिनपाशी जास्त. जिथे वजन जास्त तिथल्या टाकीतून पाणी जास्त काढायचं, म्हणजे तिथे खालून तेवढाच रेटा मिळतो. तिथे टाक्या उपसायचा क्रम चुकला. गोदी टोकांशी वाकत गेली, तिचा कणा मोडला आणि ती बुडाली. व्हॅलियंट तरंगत राहिली, पण मधले दोन प्रोपेलर आणि एक सुकाणू जायबंदी. तशीच फरफटत ती सुएझपर्यंत गेली, आणि सरळ चालता येईना म्हणून कालव्यात शिरू शकली नाही. पंप चांगले होते, पोलाद चांगलं होतं. चूक क्रमाची.

दुसरी हकीकत अलीकडची. 30 ऑक्टोबर 2018, रशियात मुर्मान्स्कजवळ रोस्ल्याकोवो. पीडी-50 ही स्वीडनमध्ये बांधलेली 330 मीटर लांबीची गोदी, तिच्यावर अ‍ॅडमिरल कुझ्नेत्सोव ही विमानवाहू नौका. वीज गेली, पंप बंद पडले, गोदी बुडाली, आणि बुडता बुडता तिच्या भिंतीवरची क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न एकच होता: जनरेटर?

गोदी काढताना यावर उपाय योजतात. टाकीतली हवा बाहेर जायचा पाइप छतापाशी न ठेवता टाकीत थोडा खाली उतरवतात. पाणी त्या तोंडापर्यंत चढलं की वरची हवा कोंडली जाते, तिची उशी तयार होते. मग सगळे व्हॉल्व्ह उघडे राहिले तरी गोदी ठरलेल्या खोलीच्या खाली जात नाही. फार सुंदर कल्पना आहे, एक पैशाचं यंत्र नाही. फक्त टाकी घट्ट हवी. छताला गंजून भोक पडलं तर उशीतली हवा निघून जाते आणि कुठल्याही मीटरवर ते दिसत नाही.

मग लोक विचारतात, एवढी कटकट असेल तर जमिनीतली गोदीच का खणत नाहीत? कारण जमीन सगळीकडे तशी नसते. बर्म्युडा बेटांचा चुनखडीचा दगड इतका सच्छिद्र की त्यात खणलेल्या गोदीत पाणी झिरपतच राहणार. ब्रिटिश आरमाराने मग इंग्लंडमध्येच 381 फूट लांबीची तरंगती गोदी बांधली आणि 1869 मध्ये अटलांटिकपार ओढत नेली. मदीरा बेटांपासून पुढे ती ओढायला वॉरियर आणि ब्लॅक प्रिन्स होत्या, त्या काळच्या नामांकित लोखंडी युद्धनौका. जहाजं दुरुस्त करणाऱ्या वस्तूला जहाजांनी महासागरातून ओढत न्यायचं! आपल्याकडे पोर्ट ब्लेअरला (आताचं श्रीविजयपुरम) नौदलाच्या तरंगत्या गोद्या आहेत त्यांचंही कारण साधंच. तळ खरवडायला युद्धनौका हजारभर किलोमीटरवर मुख्य भूमीला पाठवायची नसेल, तर गोदी तिकडे न्यावी. त्यातली एफडीएन-2 चेन्नईजवळ कट्टुपल्लीला बांधली, 2017 मध्ये पाण्यात उतरली. 185 मीटर लांब, 40 मीटर रुंद, 8,000 टनांपर्यंतच्या नौकांसाठी. तिच्यात टाक्यांचा सगळा हिशेब संगणकावर चालतो, तोल चालू कामात दिसत राहतो. मला हे आवडतं. आमच्या वेळी टाकीची पातळी फीत सोडून मोजायचो आणि ओरडून सांगायचो, वाऱ्यात सातचे आठ व्हायचे. तरी एक काचेची नळी मध्यावर ठेवावी, असं आपलं माझं मत.

आणि गाळ. कोकणात, मुंबईच्या खाडीत गोदीखाली खड्डा राखावा लागतो. सात मीटर जहाज बुडणारं, दीड मीटर ठोकळे, साडेतीन मीटर पॉन्टून, वर मीटरभर मोकळं. म्हणजे तेरा मीटर पाणी. पावसाळ्यात नद्या तो खड्डा भरून टाकतात. गोदी खाली जाता जाता मऊ गाळात टेकते, आणि कंट्रोल रूममधले म्हणतात, आज बुडत का नाहीये ही.

गोदीचा तळ कोण खरवडतं? हा प्रश्न मी मामांना पहिल्याच महिन्यात विचारला होता. गोदी दुसऱ्यांना उचलते, तिला उचलायचं कोणी? ते हसले होते. प्रश्न जुना आहे. बर्म्युडाची गोदी एका बाजूच्या टाक्या भरून आडवी कलवायचे आणि उघडा पडलेला तळ साफ करायचे. पुढे पॉन्टूनचे सुटे तुकडे करून वर अखंड भिंती बोल्टने बसवायची पद्धत आली. एक तुकडा सोडवायचा, बाकीच्यांवर चढवून दुरुस्त करायचा, परत जागी लावायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पॅसिफिकमध्ये नेलेल्या मोठ्या गोद्या तर सात ते दहा तुकड्यांच्या होत्या, प्रत्येक तुकडा स्वतंत्र ओढत नेलेला, भिंती आडव्या पाडून. बेटापाशी पोचल्यावर भिंती उभ्या करून तुकडे जोडायचे. त्यातलेच एक-दोन सुटे करून बाकीच्यांवर उचलता यायचे.

आमची गोदी सलग होती. एकदा पाण्यात उतरली ती उतरली. खालून पाणबुडे जाऊन बघायचे, पण आमच्या पाण्यात पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. ते चाचपून सांगायचे. पातळ झालेली जागा सापडली की बाहेरून लोखंडी पेटी दाबून बसवायची, आतलं पाणी काढायचं आणि आतून पत्रा लावायचा. बाकी तळ तसाच.

सातव्या वर्षी ठरलं की निदान एक कड वर काढून बघायची. गोदी रिकामी केली, ठोकळे उतरवले, क्रेन साखळ्यांनी बांधल्या. एका बाजूच्या टाक्यांत दिवसभर पाणी घेतलं. रुंद वस्तू कलायला फार जड असते, तीन हजार टन पाणी गेलं तरी सहा-सात अंशच. त्याहून जास्त कोणाला नको होतं. डेकवर उभं राहिलं की पाय समुद्राकडे घसरत होते आणि कॅन्टीनमधला चहा कपात तिरका दिसत होता.

मी, मामा आणि जाडी मोजायचं यंत्र घेऊन एक पोरगा, असे होडीतून गेलो. ऊन चांगलं होतं. भिंतीखालून पॉन्टूनची बाजू वर आली होती, आणि खाली तिची कड. कडेच्या पलीकडे खरा तळ, तो दोन वीत दिसत होता. बत्तीस मीटरांपैकी दोन वीत. त्यावर कालवं, तळहाताएवढी, एकावर एक, इतकी वर्षं कोणी हात न लावलेली. मामांनी कोयता काढला. आधी कालवं पिशवीत पडली, मग गंजाचे पापुद्रे पाण्यात. वीतभर जागा उघडी झाली तेव्हा त्यांनी ती लुंगीच्या टोकाने पुसली आणि बाजूला सरकले. पोराने जेल लावलं, मी प्रोब टेकवला. नवीन होता तेव्हा पत्रा बारा मिलिमीटर होता.

"किती?"

"नऊ पॉइंट एक."

होडी हलत होती. त्यांनी एका हाताने गोदीची कड धरली, होडी जवळ ओढून स्थिर केली.

"परत बघ गो."